अटलांटात उन्हाळ्यातली फोटो प्रदर्शनं आणि आर्टिस्ट टॉक: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

जून लागला की ओळखीतल्या लोकांचे दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. एक, हाय म्युझियमला, म्हणजे इथल्या मोठ्या कला संग्रहालयात, गेलो, तिकीट काढलं, दोन-तीन तास फिरलो पण फोटोग्राफी काही फारशी दिसलीच नाही. दुसरा, टॉकला अगदी वेळेत पोचलो पण प्रदर्शनाची दालनं तोपर्यंत बंद झाली होती, मग फोटो न बघताच फोटोग्राफरचं बोलणं ऐकून आलो. दोन्हीचं मूळ एकच आहे. आपण आधी जागा ठरवतो, मग मोकळा वीकेंड शोधतो, आणि टॉक असलाच तर बघू म्हणतो. हे उलटं करा. प्रदर्शन दोन-तीन महिने भिंतीवर असतं, टॉक मात्र तासाभराचा आणि बहुतेक वेळा एकदाच होणारा. म्हणून टॉकची तारीख आधी पक्की करायची आणि बाकी सगळा दिवस तिच्याभोवती लावायचा. दिवसाचा आतला क्रमही ठरलेला ठेवायचा: आधी फोटो, मग बोलणं, मग जमेल तेव्हा परत तेच फोटो.

हे मुख्यतः अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग, सुवानी इकडे राहणाऱ्यांसाठी लिहितेय, ज्यांना शहरात जायचं म्हणजे एक मोहीम वाटते, आणि ज्यांच्याकडे उन्हाळ्यात आईबाबा किंवा सासूसासरे आलेले असतात त्यांच्यासाठी तर नक्कीच.

## टप्पा १: यादी काढा, पण नीट काढा

सगळ्यात आधी चार ठिकाणांची कॅलेंडरं उघडा.

हाय म्युझियम ऑफ आर्ट, मिडटाऊन, पीचट्री स्ट्रीट. इथे फोटोग्राफीचा स्वतंत्र विभाग आहे आणि संग्रह हजारो प्रिंट्सचा आहे, त्यात काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी झालेल्या सिव्हिल राइट्स चळवळीचे फोटो खास आहेत.

जॅक्सन फाइन आर्ट, बकहेड. ही फक्त फोटोग्राफीची खाजगी गॅलरी, १९९० पासून चालू आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्यातले बरेच जण काही विकत घ्यायचं नाही म्हणून संकोचून आत जातच नाहीत. बिनधास्त जा, बघायला येणाऱ्यांसाठीच ती उघडी असते.

अटलांटा सेंटर फॉर फोटोग्राफी, एजवूड अव्हेन्यू. आधी यांचं नाव अटलांटा सेलिब्रेट्स फोटोग्राफी होतं, ऑक्टोबरच्या फोटो महोत्सवासाठी ओळखले जायचे. जागा छोटी आहे पण बोलणाऱ्याच्या अगदी जवळ बसता येतं.

अटलांटा कंटेम्पररी, मीन्स स्ट्रीट. प्रवेश फुकट. इथे सगळ्याच प्रकारची समकालीन कला असते, त्यामुळे चालू प्रदर्शनात फोटो आहेत का ते बघून मगच निघा.

याशिवाय आर्ट्सएटीएल आणि बर्नअवे ही दोन इथली ऑनलाइन प्रकाशनं चाळा, छोट्या जागांमधले कार्यक्रम तिथे सापडतात.

आता तो पहिला मेसेज, फोटोग्राफी दिसलीच नाही. लोकांना वाटतं म्युझियमकडे एवढे हजारो फोटो आहेत म्हणजे ते कायम टांगलेले असणार. तसं नसतं. फोटोच्या प्रिंटला उजेड सोसत नाही, रंगीत प्रिंट्स तर हळूहळू फिकट होत जातात, म्हणून काही महिने दाखवून झाले की ते उतरवून अंधाऱ्या थंड स्टोरेजमध्ये परत जातात आणि दुसरे लागतात. दालनातला उजेड मंद असतो तोही त्याचसाठी. त्यामुळे एखाद्या प्रसिद्ध फोटोचं नाव मनात धरून जायचं असेल तर तो आत्ता भिंतीवर आहे का हे साइटवर बघा, नाहीतर सरळ फोन करून विचारा. दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालन बदलासाठी बंदही असतं.

यादी करताना तीनच रकाने ठेवा: प्रदर्शनाचं नाव, शेवटची तारीख, टॉकची तारीख आणि वेळ. सुरुवातीच्या तारखेचा आपल्याला काही उपयोग नाही.

सावध: अमेरिकेत महिना आधी येतो. 7/8 म्हणजे आठ जुलै, सात ऑगस्ट नव्हे. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांची गडबड होत नाही, पण तिकडून आलेल्या बाबांनी हौसेने भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलेली तारीख एकदा स्वतः तपासाच.

सावध: खाजगी गॅलऱ्या उन्हाळ्यात जरा सुस्तावतात. अनेक कलाकारांचं मिळून एक ग्रुप शो लावतात, कुठे वेळा कमी होतात, ऑगस्टमध्ये कुणी फक्त अपॉइंटमेंटवर चालू असतं. रविवारी आणि सोमवारी बहुतेक गॅलऱ्या बंद, आणि हाय म्युझियम सोमवारी बंद. लाँग वीकेंडचा सोमवार मोकळा मिळतो म्हणून त्या दिवशीचा बेत करणारे दरवर्षी निदान दोन कुटुंबं तरी भेटतात.

## टप्पा २: कार्यक्रम नेमका कसला आहे ते ओळखा

इथे फार गोंधळ होतो. सगळ्यालाच आपण कार्यक्रम म्हणतो पण चारही प्रकार वेगळे असतात.

ओपनिंग रिसेप्शन म्हणजे उद्घाटनाची संध्याकाळ. गर्दी, हातात वाइनचे ग्लास, उभ्याउभ्या गप्पा. फोटोग्राफर तिथे असतो पण त्याला सगळे घेरून असतात आणि भिंतीसमोर पाठमोरी माणसंच दिसतात. कुणाशी ओळख करून घ्यायची असेल तर छान आहे. फोटो बघायचे असतील तर हा दिवस टाळाच.

आर्टिस्ट टॉक म्हणजे फोटोग्राफर स्वतः स्लाइड्स दाखवत बोलतो, किंवा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणारा, त्याला प्रश्न विचारतो, साधारण तासभर, शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न.

वॉकथ्रू म्हणजे दालनातच फिरत फिरत, फोटोंसमोर उभं राहून बोलणं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच निवडावा, कारण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते समोर असतं. फक्त तासभर उभं राहावं लागतं आणि मागे पडलात तर ऐकू येत नाही, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका, किंवा घडीचं स्टूल मिळेल का ते आधीच विचारा.

बुक सायनिंग म्हणजे पुस्तकावर सही. बऱ्याचदा टॉकनंतर असतं. नुसतं सायनिंग असेल तर तिथे भाषणाची अपेक्षा ठेवू नका.

तपासा: बोलणारा माणूस कोण आहे? प्रदर्शनातला फोटोग्राफर, की क्युरेटर, की कुणी लेखक? दिवंगत फोटोग्राफरच्या प्रदर्शनातही टॉक असतो, तिथे अभ्यासक बोलतात. तोही चांगला असतो, पण घरच्यांना "फोटोग्राफरला भेटायला जाऊ" असं सांगून नेलं असेल तर पंचाईत होते.

## टप्पा ३: नोंदणी आणि तिकीट

फुकट कार्यक्रमालाही नोंदणी लागते. आणि फुकटची नोंदणी म्हणजे राखीव खुर्ची असं समजू नका, अनेक ठिकाणी येणार नाहीत अशी माणसं धरून खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घेतात. अर्धा तास आधी पोचा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती गोष्ट. म्युझियमचं तिकीट आणि टॉकचं तिकीट वेगळं असू शकतं, आणि दोन्हींच्या वेळाही वेगळ्या असतात. हाय मंगळवार ते शनिवार दहा ते पाच आणि रविवारी बारा ते पाच उघडं असतं. टॉक जर संध्याकाळी सहा किंवा सातला असेल तर तोपर्यंत दालनं बंद झालेली असतात. कधी टॉकच्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत उघडी ठेवतात, कधी नाही. म्हणून टॉकच्या पानावर दोन गोष्टी शोधा: या तिकिटात दालनाचा प्रवेश धरलाय का, आणि दालन किती वाजेपर्यंत उघडं आहे. लिहिलेलं नसेल तर फोन. एवढं केलंत तर सुरुवातीला सांगितलेला दुसरा मेसेज तुम्हाला पाठवावा लागणार नाही.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हायचा प्रवेश फुकट असतो. मुलांना घेऊन जायला उत्तम दिवस, त्यांच्यासाठी हस्तकला वगैरे असते. पण त्या दिवशी गर्दी आणि आवाज दोन्ही भरपूर, फोटोसमोर शांतपणे दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर तिकिटाचे पैसे मोजून शुक्रवारी दुपारी गेलेलं परवडतं.

तपासा: नोंदणीची ईमेल स्पॅममध्ये गेली नाही ना? क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, जाड भिंतींच्या इमारतीत नेटवर्क दगा देतं.

## टप्पा ४: पोचायचं कसं

अटलांटात पीचट्री नावाच्या रस्त्यांचा सुळसुळाट आहे. पीचट्री स्ट्रीट, वेस्ट पीचट्री स्ट्रीट, पीचट्री रोड, पीचट्री सेंटर अव्हेन्यू, पीचट्री इंडस्ट्रियल, आणि हे सगळे वेगवेगळे. पीचट्री स्ट्रीट आणि वेस्ट पीचट्री स्ट्रीट तर मिडटाऊनमध्ये शेजारी शेजारीच धावतात. त्यात पत्त्याच्या शेवटी एनई, एनडब्ल्यू, एसई, एसडब्ल्यू अशी दिशा असते, ती गाळून मॅपमध्ये टाकलं की भलतीकडे नेतं. पत्ता टाकूच नका, जागेचं नाव टाका आणि मग पत्ता जुळतोय का बघा.

हायला जायला मार्टा, म्हणजे इथली शहराची ट्रेन, सगळ्यात सोपी आहे, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. अल्फारेटाकडून येणाऱ्यांनी नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावून रेड लाइन पकडायची, जॉन्स क्रीक-सुवानीवाल्यांना डोराव्हिलहून गोल्ड लाइन. दोन्ही आर्ट्स सेंटर स्टेशनला थांबतात आणि तिथून म्युझियम चालत पाच मिनिटांवर. भाडं एका वेळचं अडीच डॉलर, स्टेशनवरचं दिवसाचं पार्किंग फुकट. शहरात पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा आणि आय-८५ हायवेवर ब्रेक दाबत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, शिवाय आईबाबांना ट्रेनची खिडकी मिळते. जॅक्सनला जायचं तर रेड लाइनवरच बकहेड स्टेशन आहे, तिथून थोडं चालायचं, ऊन फार असेल तर उबर.

सावध: रात्री साधारण नऊनंतर रेड लाइन शहराच्या आतपर्यंत येत नाही, ती नॉर्थ स्प्रिंग्ज ते लिंडबर्ग सेंटर एवढीच धावते. टॉक लांबला तर आर्ट्स सेंटरहून गोल्ड पकडा आणि लिंडबर्गला उतरून रेड बदला. हे माहीत नसलं की माणूस प्लॅटफॉर्मवर लाल पाटीची वाट बघत बसतो.

सावध: चार जुलैला पीचट्रीवर सकाळी पीचट्री रोड रेस असते, लेनॉक्सपासून पीडमाँट पार्कपर्यंत, हजारो लोक धावतात आणि रस्ता बंद असतो. त्या दिवशी या भागात काहीच ठरवू नका.

उन्हाळ्यातलं हवामानही वेळापत्रकात धरा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चार ते सहाच्या मध्ये ढग भरून येऊन गडगडाटी पाऊस कोसळणं इथे नेहमीचं आहे, अर्ध्या तासात थांबतो पण तेवढ्यात ट्रॅफिक पार आडवा होतो. म्हणून संध्याकाळचा टॉक असेल तर तीनपर्यंत आत शिरा. बाहेर पाऊस पडत असताना तुम्ही फोटो बघत असाल.

शनिवारचं वेळापत्रक मी साधारण असं लावते: अकराला जॅक्सन, तिथे तास-सव्वा तास, मग जेवण, दीड-दोनला हाय, साडेतीनपर्यंत एकच प्रदर्शन, मग कॉफी आणि बसून आराम, आणि पाचच्या आसपास टॉकची रांग. एका दिवसात दोनपेक्षा जास्त जागा नकोत. तीन-चार जागा कोंबल्या की तिसऱ्या जागी डोळे उघडे असतात पण काही आत जात नाही.

## टप्पा ५: घरून निघायच्या आधीची तयारी

हलका स्वेटर किंवा ओढणी हवीच. बाहेर बत्तीस डिग्री आणि घामाच्या धारा, आत मात्र एसी असा की तासाभरात हातपाय गार पडतात. बूट चालायचे. बॅग छोटी. मोठी सॅक दारातच ठेवायला लावतात, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक घेऊन जाऊ नका, आणि पाण्याची बाटली दालनाबाहेर. नोट्स घ्यायच्या असतील तर पेन नको, पेन्सिल न्या, बऱ्याच म्युझियममध्ये दालनात पेन चालत नाही.

आईबाबांसोबत जाताना दोन गोष्टी. व्हीलचेअर मोठ्या म्युझियममध्ये मागितली तर मिळते, फक्त आपल्याकडे ती मागायला लाज वाटते. एरवी चालणाऱ्या माणसालाही कठीण फरशीवर दोन तास हळूहळू सरकणं फार जड जातं, घ्या. आणि टॉकला त्यांना पुढच्या रांगेत कडेला बसवा, इथले दक्षिणी उच्चार सवय नसलेल्या कानाला कळायला वेळ लागतो, बोलणाऱ्याचे ओठ दिसले की बरंच समजतं. जाताना गाडीत फोटोग्राफर कोण, कुठला, कशाचे फोटो काढतो एवढं मराठीत सांगून ठेवा.

आणि तुमची स्वतःची तयारी? पंधरा मिनिटं पुरेत. फोटोग्राफरच्या साइटवर जाऊन त्याची एकच मालिका बघा. मुलाखती वाचू नका, नाहीतर टॉकमध्ये तेच परत ऐकल्यासारखं वाटतं. विषयाची जागा नकाशावर शोधा, हे मात्र जरूर करा. हाय म्युझियम १९९६ पासून 'पिक्चरिंग द साउथ' नावाची मालिका चालवतं, त्यात फोटोग्राफरांना अमेरिकेच्या या दक्षिण भागावर नवीन काम करायला सांगतात. रिचर्ड मिसराक यांनी त्यासाठी १९९८ मध्ये लुइझियानातला मिसिसिपी नदीकाठ टिपला, बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्सच्या मधला पेट्रोकेमिकल कारखान्यांचा पट्टा ज्याला लोक कॅन्सर ॲली म्हणतात. नकाशावर तो पट्टा आणि त्यातली गावं आधी बघितली असतील तर मोठ्या प्रिंटमधल्या धुक्यामागचा कारखाना नुसता सुंदर दिसत नाही, तिथे खाली कुणीतरी राहतंय हे लक्षात येतं.

तपासा: टॉकची वेळ, दालनाची बंद व्हायची वेळ, तिकीट, ट्रेनचा परतीचा मार्ग. निघायच्या दिवशी सकाळी साइटवर परत एकदा नजर टाका, कार्यक्रम पुढे ढकलले जातात.

## टप्पा ६: दालनात कसं बघायचं

बहुतेक लोक दारातून आत येतात, डावीकडून सुरू करतात, फोटोशेजारची माहितीची पाटी वाचतात, फोटोकडे दोन सेकंद बघतात, मोबाइलने फोटो काढतात, पुढची पाटी. दालन संपेपर्यंत दमलेले असतात आणि काय बघितलं विचारलं तर पाट्याच आठवतात.

असं करा. पहिली फेरी पाट्या न वाचता, न थांबता, दहा मिनिटांत पूर्ण दालन. फक्त कुठले फोटो मान वळवायला लावतात ते मनात ठेवा. दुसऱ्या फेरीत त्यातले तीन किंवा चारच निवडा आणि प्रत्येकापुढे निदान पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटं खूप वाटतात, दुसऱ्या मिनिटाला आता काय बघू असं होतं, तिथेच थांबून राहा कारण खरं दिसायला तिथून पुढे लागतं.

एक उदाहरण देते. गॉर्डन पार्क्स यांनी १९५६ मध्ये लाइफ मासिकासाठी अलाबामात वर्णभेदाखाली जगणाऱ्या एका कुटुंबाचे रंगीत फोटो काढले, त्यांचं प्रदर्शन हायमध्ये २०१४-१५ ला झालं होतं. त्यातला मोबील शहरातल्या दुकानाबाहेरचा फोटो बघा. पहिल्या नजरेत छान कपडे घातलेली एक बाई, शेजारी झालरीच्या फ्रॉकमधली लहान मुलगी आणि वर काळ्या लोकांसाठीच्या वेगळ्या दाराची निऑन पाटी. पाटी वाचली की आपल्याला वाटतं समजला फोटो, आणि आपण पुढे जातो. थांबलात तर त्या बाईच्या खांद्यावरून खाली घसरलेली आतल्या कपड्याची पट्टी दिसते. इतक्या नीटनेटक्या पोशाखात तेवढीच एक विस्कटलेली गोष्ट. बाहेर पडताना इतकं नटूनथटून निघायचं, मूल सांभाळायचं, आणि तरी दार कुठलं हे दुसऱ्याने ठरवायचं, हे सगळं त्या छोट्या पट्टीमुळे अंगावर येतं. पाटी सगळ्यांनाच दिसते. पट्टी दिसायला थांबावं लागतं.

अंतराचंही बघा. मोठा प्रिंट आधी लांबून, मग हाताच्या अंतरावर येऊन. छोटा प्रिंट उलट, आधी जवळून. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर एक पाऊल बाजूला सरका, चिडू नका.

मग फोटोशेजारची माहितीची पाटी वाचा, आणि पूर्ण वाचा. नावाखालची ओळ लोक सोडून देतात, तीच कामाची असते:

- जिलेटिन सिल्व्हर प्रिंट म्हणजे डार्करूममध्ये केलेला ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट. जवळून बघितलं की काळ्या भागातही बारकावे दिसतात.
- क्रोमोजेनिक प्रिंट म्हणजे केमिकलने तयार केलेला रंगीत कागद, आपल्या जुन्या लग्नाच्या अल्बममधले बहुतेक रंगीत फोटो याच जातीचे.
- पिगमेंट किंवा इंकजेट प्रिंट म्हणजे डिजिटल पद्धतीने शाईने छापलेला. घरच्या प्रिंटरशी तुलना करू नका, शाई आणि कागद दोन्ही दीर्घकाळ टिकणारे असतात.
- दोन वर्षं दिली असतील तर पहिलं फोटो काढल्याचं, दुसरं तो प्रिंट केल्याचं. जुन्या फोटोचा नव्याने केलेला प्रिंट आणि त्याच काळातला प्रिंट यांच्या रंगात, आकारात आणि किमतीतही मोठा फरक पडतो.

सावध: फ्लॅश कधीच नाही. मोबाइलवर तो ऑटोला असतो, आत शिरायच्या आधी बंद करा. काही प्रदर्शनांत फोटो काढायलाच मनाई असते, दारावर चिन्ह बघा. आणि बोट दाखवताना काचेपासून लांब, उत्साहात आपला हात पुढे जातोच.

मुलं सोबत असतील तर त्यांना एकच काम द्या: घरी आजीला फोनवर सांगायला एक फोटो निवड. ती दालनभर शोधत फिरतात आणि तुम्हाला निवांत बघता येतं.

## टप्पा ७: टॉक

खुर्ची मधल्या रांगेत कडेची. पुढून स्लाइड मान वर करून बघाव्या लागतात, अगदी मागून प्रिंटमधलं काही दिसत नाही. आईबाबांसोबत असाल तर वर म्हटल्याप्रमाणे पुढे. फोन सायलेंट, व्हायब्रेटही नको. प्रत्येक स्लाइडचा मोबाइलने फोटो काढू नका, मागच्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि ते फोटो तुम्ही परत कधी बघणारही नाही. ऐकताना फोटोग्राफर जागांची नावं घेतो, माणसांबद्दल बोलतो, कुठला फोटो का गाळला ते सांगतो. हे गाळण्याचं बोलणं लिहून घ्या, भिंतीवर नसलेल्या फोटोंची माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आता प्रश्न. इथे आपले लोक दोन टोकांना असतात. एकतर गप्प, नाहीतर कॅमेरा कुठला आणि लेन्स कुठली. कॅमेऱ्याचा प्रश्न वाईट नाही, पण उत्तर एका शब्दात संपतं आणि तुमची संधीही संपते. तंत्राबद्दलच विचारायचं असेल तर त्याला कारण जोडा: एवढा मोठा, स्टँडवरचा कॅमेरा घेऊन अनोळखी लोकांसमोर उभं राहिलात तर ते कसे वागले? आता बोलायला काहीतरी आहे.

चांगला प्रश्न नेहमी एखाद्या ठरावीक फोटोपासून सुरू होतो, आणि म्हणूनच आधी प्रदर्शन बघून यायचं. मार्क स्टाइनमेट्झ यांचं अटलांटा एअरपोर्ट आणि त्याच्या आसपासच्या भागावरचं काम २०१८ ला हायमध्ये लागलं होतं. आपण सगळे त्या एअरपोर्टवर तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ओढत आलोय, कुणाला सोडायला गेलोय, कुणाची वाट बघत उभे राहिलोय. अशा प्रदर्शनाच्या टॉकमध्ये आपल्याकडे विचारण्यासारखं नक्कीच असतं. निरोप घेणाऱ्या माणसांच्या किती जवळ जायचं हे कसं ठरवता? हे विचारायला फोटोग्राफी शिकलेली असावी लागत नाही.

प्रश्न कागदावर दोन ओळींत लिहून ठेवा. उभं राहून आधी स्वतःची ओळख, मग कौतुक, मग आपलं मत आणि शेवटी प्रश्न असं करू नका, माइक हातात आला की सरळ प्रश्न. एकच. इंग्रजी अडखळलं तरी काही बिघडत नाही, छोटा प्रश्न अडखळत विचारला तरी लोक लक्ष देऊन ऐकतात.

सावध: स्वतःचे फोटो मोबाइलवर दाखवून अभिप्राय मागायची ही जागा नाही. त्यासाठी पोर्टफोलिओ रिव्ह्यू नावाचे वेगळे कार्यक्रम असतात, त्यात नाव नोंदवून रीतसर वेळ मिळते.

## टप्पा ८: टॉकनंतर

दालन उघडं असेल तर लगेच परत जा. थेट तुम्ही निवडलेल्या तीन-चार फोटोंकडे. बोलणं ऐकल्यानंतर त्यातला एखादा एकदम छोटा वाटतो, एखादा जो आधी साधा वाटला होता तो धरून ठेवतो. दालन बंद असेल तर महिनाभरात, प्रदर्शन उतरायच्या आधी, एक चक्कर टाका. यासाठी वर्षाची मेंबरशिप परवडते, विशेषतः घरात पाहुणे येत-जात असतील तर, फक्त कुठल्या पातळीच्या मेंबरशिपमध्ये किती पाहुणे फुकट धरलेत ते आधी वाचा.

पुस्तकावर सही हवी असेल तर पुस्तक टॉकच्या आधी विकत घ्या, नंतर संपतं. रांगेत आपलं नाव चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून पुढे करा, आपली नावं ऐकून लिहिणं त्यांना खरंच अवघड जातं.

खाजगी गॅलरीत एखादा फोटो फारच आवडला आणि घ्यावासा वाटला तर टेबलावर किमतीची यादी मागा, भिंतीवर किमती बहुतेक नसतात. यादीत एडिशनचा आकडा बघा. ३/१५ म्हणजे एकूण पंधरा प्रिंट्सपैकी तिसरा, आणि एडिशन संपत आली की उरलेल्या प्रिंट्सची किंमत अनेकदा वाढवतात. त्याच फोटोचे वेगवेगळ्या आकारात वेगळे एडिशन असू शकतात, तेही विचारा. किमतीत फ्रेम धरली आहे का, सेल्स टॅक्स किती, प्रिंटवर सही आहे का आणि कुठे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नका. हप्त्याने पैसे द्यायची सोय अनेक गॅलऱ्या करतात, विचारण्यात कमीपणा नाही. आणि घरी आणल्यावर उन्हाच्या भिंतीवर लावू नका. आपल्याकडच्या घरांत मोठ्या खिडकीसमोरची भिंतच मोकळी असते, नेमकी तीच टाळा, जिन्याच्या कडेची किंवा पॅसेजमधली निवडा.

निघताना टेबलावरच्या वहीत किंवा टॅबलेटवर ईमेल लिहून या. बसायला जागा कमी असलेले वॉकथ्रू आणि छोट्या जागांमधले टॉक आधी या यादीतल्या लोकांनाच कळवतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे कार्यक्रम तर जुलैअखेरीपासूनच त्यावर यायला लागतात.